उसना खांदा

"हा खांदा कुणाचा हाय?"

काउंटरवर मोबाईल ठेवून त्या माणसानं विचारलं तेव्हा मुजाहिदच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की ह्याच्या बोटांच्या ग्रीसनं काच मळली. चोवीस वर्षांची खोड होती ती. नजर आधी डागावर जायची, मग माणसावर. माणूस तिशीचा, रापलेला, शर्टाच्या खिशात पिकअपची चावी, डोळे जाग्रणानं तांबारलेले. मोबाईलवर फोटोचा फोटो होता. हायवेच्या कडेला लावलेला फ्लेक्स, खालून टिपलेला आणि मग दोन बोटांनी ताणून मोठा केलेला. चेहरा केव्हाच काचेबाहेर गेला होता. उरला होता एक डावा खांदा, जरीच्या पदराची कड, गळ्याच्या हाडाखालची खोलगट जागा, आणि तिच्याखाली नखाएवढं तपकिरी लासं, जन्मखुणेचा डाग. त्याच्या शेजारी खसखशीच्या दाण्यांसारखे तीन तीळ. मुजाहिदनं ते स्वतःचं अक्षर ओळखावं तसं ओळखलं. चेहरा मात्र त्यानं जागचा हलू दिला नाही.

"छबुबाईंचा," तो म्हणाला. "फ्लेक्सवर खाली नाव हाय की."

"नाव मला वाचता येतंय. खांदा कुणाचा हाय ते इचारतोय."

असल्या माणसांशी बोलायची मुजाहिदला सवय नव्हती. कुठल्याच माणसांशी नव्हती. बीडच्या सुभाष रोडला लागून असलेल्या ह्या बोळातल्या 'रूपरंग' स्टुडिओत बद्रीनाथ मालक फोटो काढायचा आणि मुजाहिद ते मागच्या खोलीत बसून दुरुस्त करायचा. गुंडाळलेल्या पडद्यांच्या मागची, खिडकी नसलेली खोली. पुढं गिऱ्हाईक येई, पावडर लावी, हसे, जाई. मागं नुसता चेहरा येई, आवाजाशिवाय, वासाशिवाय, आणि मुजाहिदला माणूस असाच बरा वाटे. आज बद्रीनाथ हळदीची ऑर्डर घेऊन लिंबागणेशला गेला होता म्हणून तो काउंटरवर बसला होता. नाहीतर हा ग्रीसची बोटं घेऊन आलेला इसम आणि तो एकमेकांच्या समोर यायचं काही कारण नव्हतं. बद्रीनाथनं ह्याला दोन मिनिटांत गोड बोलून वाटेला लावला असता. बद्रीनाथला सगळ्यांशी गोड बोलता यायचं. हायवेवरच्या लावणीच्या कलाकेंद्रांतल्या बायका म्हणून तर इतक्या लांबून त्याच्याकडं येत. बोर्डासाठी फोटो, कार्यक्रमाची सुपारी घेऊन येणाऱ्यांना मोबाईलवर पाठवायला फोटो. तो त्यांना 'ताई' म्हणून स्टुलावर बसवी, दोन्ही छत्र्यांचे लाइट तोंडाशी आणी आणि पुरा उजेड मारी. मग आत येऊन म्हणे, "गोरी दिसली पायजे बे. बाकी तू बघ." उजेड इतका, की कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची वरची हाडं, उघडे खांदे, सगळं उडून जाई. उडणं हा त्यांच्या धंद्यातला शब्द. उडालेली जागा गोरी नसते. तिथं काहीच नसतं. कितीही काळोख ओता, पांढऱ्याचं राखाडी होतं, कातडी परत येत नाही. मग दुसरीकडची कातडी आणायची, तिच्यातल्या छिद्रांसकट, लवेसकट, आणि त्या पांढऱ्यावर अशी बसवायची की कड दिसता कामा नये. बाईनं फोटो हातात घेऊन म्हणावं, अगं बया, मी एवढी छान दिसते? आणि आरशावर संशय घ्यावा.

त्याचा बाप जलालुद्दीन हेच काम निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं करी. तिरपी काच, डोळ्याला भिंग, आणि पोराची चूक झाली की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी. "रोशनी ने खा लिया सो खा लिया," बाप म्हणे, "उसकू बनाने वाला तू कौन?" मुजाहिदला हे कधी पटलं नाही. बापाचं काहीच पटलं नव्हतं. बाप वारला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो सापडेना. जन्मभर लोकांच्या चेहऱ्यांवर पोट भरलेल्या त्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याचा राग होता. मुजाहिदला तो राग वारशानं मिळाला, आणि त्यानं तो जरा ऐसपैस केला. त्याला सगळ्यांच्याच चेहऱ्यांचा राग यायचा. बशीरगंजात फळांच्या गाड्यावर उभं राहिलं तरी विकणाऱ्याच्या नाकावरची छिद्रं त्याला खुपायची. त्यातून सुटलेली एकच कातडी होती, आणि ती आत्ता काउंटरवर पडली होती.

"माझ्या बायकोचा हाय," तो माणूस म्हणाला.

मुजाहिदला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं. म्हणजे तिचं लग्न झालं तर. आणि कुणीतरी आपल्याला सांगायला हवं होतं असा एक बिनबुडाचा राग त्याच्या कानशिलात चढला.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चातली गोष्ट. छबुबाईच्या पार्टीतल्या चार मुली फोटोला आल्या होत्या. तिसरीच्या वेळी डावा लाइट पेटलाच नाही. बद्रीनाथनं लाइटला शिवी दिली, वायर हलवली, दुसरा फोटो काढला. तो दुसरा, पुरता उडालेला, बोर्डावर गेला. पहिला, चुकलेला, मुजाहिदकडं राहिला. एकाच बाजूनं, जरा वरून आलेल्या उजेडात ती मुलगी बसली होती, लाइटला काय झालं म्हणून मान किंचित वळवून. काही म्हणता काही उडालं नव्हतं. गव्हाळ, घामाचा पातळ ओलावा धरलेली, जागोजाग रंग बदलणारी कातडी. मानेपाशी गडद, खांद्याच्या गोलावर मधासारखी. मुजाहिदनं चेहरा कापून टाकला आणि बाकीचं ठेवलं. पावतीवर नाव होतं रोहिणी. फाइलला त्यानं 'आर' एवढंच नाव दिलं, आणि लासं आणि तीळ पुसून घेऊन तीन वर्षं ती वापरली. रंग लागेल तसा गडद-फिका केला की कुणालाही बसायची. चाळीस बायका तरी झाल्या असतील. कुणाच्या कपाळाला, कुणाच्या गालाला, कुणाच्या गळ्याला. चाळिशी उलटलेल्या छबुबाईला तर मानेपासून दंडापर्यंत सबंध.

"मी चार महिने कारखान्यावर होतो. ऊसतोडीची टोळी घिऊन गेलतो," माणूस सांगत होता. त्याचं नाव प्रविण, गाव घाटनांदूर, हे त्यानंच मध्ये कधीतरी सांगितलं, जसं काही नाव सांगितल्यानं त्याचं म्हणणं पक्कं होणार होतं. "परवा मांजरसुंब्याला च्या प्यायला थांबलो. वर बघतो तर ह्ये, आन् कोपऱ्यात तुमच्या स्टुडिओचं नाव. घोट उतरंना मला. माझ्या पाठीमागं ही हितं आलती. धड हिचं घेतलं आन् मुंडकं त्या म्हातारीचं बसवलं. मला येडा समजतो का बे?"

"तुमची बायको कलाकेंद्रात होती का?" मुजाहिदनं विचारलं. त्याला ते ठाऊक होतं. विचारायची गरज नव्हती. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर कुठं दुखतं ते त्याला लांबून दिसायचं, आणि आत्ता त्यानं बोट बरोबर तिथं ठेवलं.

प्रविणनं मागं वळून दाराकडं बघितलं. "हळू बोल," तो म्हणाला. "होती. आता न्हाई. गावात कुणाला म्हाईत न्हाई. माझ्या आयला बी न्हाई. देवाम्होरं हात ठिऊन बोलली ती, परत त्या पायरीला जानार न्हाई म्हनून. आन् मी तिकडं कोयत्याच्या लोकांचं हागणंमुतणं निस्तरतोय, ही हितं खांदा उघडा टाकून बसती."

आत्ता सांगता आलं असतं. एक वाक्य होतं: फोटो जुना आहे. पण आतलं काम गिऱ्हाइकाला सांगायचं नाही हा बद्रीनाथचा नियम होता, आणि मुजाहिदनं तो नियम घाईघाईनं पुढं ओढून घेतला, थंडीत रग ओढावा तसा. नियमाच्या खाली दुसरं होतं. ते वाक्य बोललं की तो खांदा ह्या माणसाच्या हवाली करावा लागला असता. ह्या माणसाला लासं ठाऊक होतं, तीळ ठाऊक होते, ठीक आहे. पण दुसऱ्या तिळाच्या खालची, केसाएवढी बारीक, तिरपी रेघ ठाऊक होती का? बगलेकडं उतरताना रंग कुठं निळसर होतो ते?

"तीळ काय, कुणाला बी असतात," मुजाहिद म्हणाला.

प्रविण त्याच्याकडं बघत राहिला. मग मोबाईल उचलून खिशात घातला, पायऱ्या उतरला आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पिकअपकडं गेला. गेला एकदाचा, असं मुजाहिदला वाटलं. पण प्रविणनं पलीकडचं दार उघडलं आणि आत बसलेल्या कुणालातरी खाली उतर म्हणून सांगितलं.

ती आली तेव्हा मुजाहिदनं तिला ओळखलं नाही. साधं पोपटी पातळ, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट, हातात कापडी पिशवी. डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले, गालांवर वांग येऊ घातलेला. तो शोधत राहिला आणि त्याला काहीच सापडेना. आणि आपण फसवले गेलो अशा चिडीनं तो तिच्याकडं बघू लागला. त्याची बायको आयशा लग्नानंतर वर्षभरातच त्याच्याकडं पाठ करून बसायला शिकली होती. "मेरे मुँह पे क्या धुंडते जी?" ती म्हणाली होती, रागानं नाही, दमून. त्यानंतर ती भाकरी वाढतानासुद्धा तोंड चुलीकडं ठेवी, आणि वीस वर्षांत आपल्या बायकोच्या डाव्या कानापलीकडं आपल्याला तिचं काही नीट आठवत नाही हे मुजाहिदला कधी फारसं खुपलं नव्हतं. रोहिणीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिची नजर भिंतीवरच्या धबधब्याच्या पडद्यावर गेली, स्टुलावर गेली, दोन्ही छत्र्यांवर गेली. जागा तिच्या ओळखीची होती. तो नव्हता.

"आता सांग ह्याच्याम्होरं," प्रविण म्हणाला.

"काय सांगू? कालधरनं तेच सांगते." तिचा आवाज खालचा होता, थोडा घोगरा. मुजाहिदनं कधी तिला आवाज दिला नव्हता. "मी कुठंच आले न्हाई. घरी होते. आत्याबाईंच्या पायाला तेल लावत होते, इचारा त्यांला."

"मग ह्ये काय हाय?" त्यानं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला.

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा उजवा हात आपोआप पदरावरून डाव्या खांद्याकडं गेला, बाजारात गर्दीत कमरेचा बटवा चाचपावा तसा. "हे माझंच हाय," ती म्हणाली.

"ऐकलंस?" प्रविण मुजाहिदला म्हणाला, जिंकल्यासारखा, आणि त्या जिंकण्यानं त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"माझं हाय, पर मी दिलेलं न्हाई. कसं गेलं मला ठावं न्हाई." आता तिनं पहिल्यांदा मुजाहिदकडं बघितलं. "तुमी सांगा की. मी आलते का हितं?"

"सांग," प्रविण म्हणाला. "आलती का न्हाई?"

दोघंही त्याच्याकडं बघत होते. रस्त्यावरून कुणीतरी लिंबं विकत चाललं होतं. मुजाहिदला आपले हात काउंटरवर नुसते पडलेले दिसले, माउसशिवाय निकामी. त्याला त्या दोघांचाही संताप आला. त्याचा, की हा दिवसाढवळ्या कुणाचं कातडं मागायला आला. तिचा, की ही आली आणि तिनं तीन वर्षांचं सगळं बिघडवलं, हा आवाज, हे फुटलेले ओठ, ही तेल लावण्याची गोष्ट आणली. "मी मागं बसतो," तो म्हणाला. "पुढं कोण येतं, कोण जातं, मला दिसत न्हाई."

ह्यातला एकेक शब्द खरा होता.

प्रविणनं तिला मारलं. उलट्या हाताचं नव्हे, सबंध पंजाचं. आवाज लहानसा झाला. पिशवी पडली आणि तिच्यातून एक स्टीलचा डबा गडगडत स्टुलापर्यंत गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरकली आणि तोल सावरून उभी राहिली, तालीम झालेल्या पायांनी. गालावर आधी पांढरं उठलं, मग कडेनं लाल भरत आलं. मुजाहिदनं ते पाहिलं. आणि लाल किती, त्यात पिवळं किती, हे त्याच्या डोक्यानं नेहमीच्या सवयीनं मोजलं, आणि कुणीतरी पेरांवर पट्टी मारावी तसं त्याला कळलं की आपण हे मोजतोय.

"जुना हाय," तो म्हणाला.

"काय?"

"फोटो. खांद्याचा. जुना हाय. मी बसवलाय तो." तो खुर्चीतून उठला. "या मागं. दाखवतो."

मागच्या खोलीत तिघांना उभं राहायला जेमतेम जागा होती. ह्या खोलीत बद्रीनाथशिवाय कधी कुणी आलं नव्हतं. मुजाहिदनं कॉम्प्युटरवर 'आर' उघडली. फाइल जिथं बंद केली होती तिथंच उघडली, आठशे टक्के मोठी. पडदाभर नुसती जमीन. तपकिरी, मऊ उंचवटे, मधून बारीक भेगा, ओलसर खळगे.

"ह्ये काय हाय?" प्रविण म्हणाला. "रान हाय का कुणाचं?"

मुजाहिदनं ती लहान केली. उंचवटे जवळ आले, भेगा मिटल्या, आणि खांदा झाला. चेहरा नव्हता. मानेच्या वर करड्या चौकटी. रोहिणीनं तोंडावर हात ठेवला नाही, काही केलं नाही. श्वास मात्र तिनं आत घेतला तो बराच वेळ सोडला नाही. त्यानं खाली तारीख दाखवली. बोटानं दाखवली, मग प्रविणला वाचता यावी म्हणून बोट काढून घेतलं. फोटो कुठून आला, लाइट कसा पेटला नाही, उडालेल्या जागा कशा भरतात, हे त्यानं तुटक तुटक सांगितलं. प्रविण ओठ हलवत महिने मोजत होता. लग्न दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखातलं. मोजणी संपली तरी तो ओठ हलवत राहिला.

"म्हंजी ही..." तो म्हणाला.

"म्हंजे ती खरं बोलती," मुजाहिद म्हणाला.

मशीनचा पंखा तेवढा घुमत होता. मग रोहिणी म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालतं?"

"मालकानं..."

"मालक हितं हाय का?"

त्यानं माउस उगाच बाजूला सरकवला.

"मी पुढं हुभी होते तवा सांगायला काय झालतं? तोंड होतं की तुला." ती त्याला अरेतुरे करत होती आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "आणिक कुणाकुणाला लावलंय?"

काउंटरमागच्या भिंतीवर नमुन्याचे फोटो होते, सोनेरी चौकटींतले. ती पुढं गेली. मुजाहिदला मागोमाग जावं लागलं. हिचं कपाळ, तो म्हणाला. हिचा गाल. हिची मान आणि हा दंड. अशा चाळीस तरी असतील, खूण पुसून लावलेल्या. ती प्रत्येक चौकटीपुढं थांबत होती, जवळ जाऊन बघत होती, आणि चौथ्या-पाचव्या बाईपुढं तिनं मागं न बघता विचारलं, "ह्या बाईला मी वळखत बी न्हाई. हिला ठावं हाय का, हिच्या तोंडावर मी हाय म्हनून?"

"न्हाई."

"मग मला कुनी सांगायचं?"

"पूस ते सगळं," प्रविण दारातून म्हणाला. त्याला काहीतरी करायला हवं होतं. "आत्ताच्या आत्ता पूस, न्हाईतर मशीन फोडतो तुझी."

"गप ऱ्हा तू," रोहिणी म्हणाली. स्टुडिओत आली तेव्हा ती प्रविणला 'तुमी' म्हणत होती. ते 'तुमी' कुठंतरी त्या थपडेपाशी पडलं होतं. "पुसू नको. आधी लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"मी सांगते ते."

त्यानं बद्रीनाथचं लेटरहेड घेतलं. ती काउंटरच्या पलीकडं उभी राहिली, गालावर चार बोटं उमटलेली, आणि एकेक वाक्य सांगू लागली. मी, मुजाहिद जलालुद्दीन, राहणार बशीरगंज, बीड, लिहून देतो की. पेन धरून त्याची बोटं अवघडली. शाळा सुटल्यापासून त्यानं एवढं मराठी हातानं लिहिलं नव्हतं. छबुबाईंच्या फ्लेक्सवरचा खांदा रोहिणी ह्यांचा असून तो तीन वर्षांपूर्वीच्या फोटोतला आहे. रोहिणी ह्या त्यानंतर स्टुडिओत आलेल्या नाहीत. त्यांना न विचारता मी तो खांदा वापरला. इथं तो थांबला. 'न विचारता' लिही, ती म्हणाली. त्यानं लिहिलं. मग पुढं आपल्याच मनानं एक ओळ जोडली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

तिनं सावकाश वाचलं, अक्षरावर अक्षर. "'अंगावरची खूण चुकून राहून गेली,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "चुकून?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

"एवढं बारीक काम करनारा मानूस. चाळीस जनींला पुसलंस. हितंच चुकून ऱ्हातं व्हय?"

छबुबाईचा फ्लेक्स केला ती दुपार त्याला स्वच्छ दिसली. फ्लेक्सची घाई होती, हे खरं. पण लासं त्यानं पुसलं होतं. तिळांसकट पुसलं होतं. आणि मग तो खुर्चीत मागं टेकून बघत बसला, आणि त्या गुळगुळीत खांद्यात त्याला काहीच दिसेना. तो कुणाचाही होता. बद्रीनाथच्या उजेडात उडालेल्या, चुन्यासारख्या पांढऱ्या जागेसारखाच. मग त्यानं बटण दाबून पुसलेलं परत आणलं. एक तीळ, दुसरा, तिसरा, आणि लासं. हायवेवर वीस फूट उंच, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना दिसेल असं. कुणी ओळखणार नाही म्हणून आणलं होतं, की कुणीतरी ओळखावं म्हणून? त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. हे मात्र ठाऊक होतं की त्या दिवशी तो घरी शीळ वाजवत गेला होता, आणि म्हाताऱ्या बीबीजाननं, त्याच्या आईनं, आज काय झालं म्हणून विचारलं होतं.

"खोड ते," रोहिणी म्हणाली.

त्यानं 'चुकून' खोडलं. उरलेलं वाक्य तसंच राहिलं, लंगडं. "तिथं काय लिहू?"

"जे असंल ते."

पेन कागदावर टेकून तो बसला. शाईचा एक ठिपका पसरला. शेवटी त्यानं लिहिलं, 'मी ठेवली.' अंगावरची खूण मी ठेवली. खाली सही केली, तारीख टाकली, ती म्हणाली म्हणून शिक्काही मारला. तिनं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि मशीनपुढं उभी राहिली. "कुठं दाबायचं?" तिनं विचारलं. त्यानं दाखवलं. कायमचं काढायचं का, असं मशीननं विचारलं, आणि तिनं हो वर दाबलं. दाबताना तिचा पदर सरकला होता की नव्हता हे मुजाहिदला नंतर आठवेना. तो बोटांकडं बघत होता. तेलानं मऊ पडलेली, नखांत हळद भरलेली बोटं. फोटोत हात नव्हते.

प्रविणनं तोवर पिशवी भरून ठेवली होती, डबासुद्धा पुसून आत घातला होता. ती बाहेर आल्यावर त्यानं हात पुढं केला. "कागद आन इकडं. गाडीत ठिवतो."

"तुझ्यासाठी न्हाई तो."

"मग कुनासाठी?"

"उद्या तुझा भाऊ बघंल तो बोर्ड. पर्वा आनिक कुनी. दर बारीला गाल पुढं करू का?" तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. कागद पिशवीत नाही, चोळीत खोचला.

"रोहिणे, चुकलं माझं," प्रविण म्हणाला. "चल घरी. आय वाट बघत आसंल."

ती पायऱ्या उतरली. पिकअप बोळाच्या डाव्या तोंडाशी होती. ती उजवीकडं वळली, स्टँडच्या रस्त्याला. प्रविण दारापर्यंत धावला. "गाडी हिकडं हाय," तो ओरडला. "कुठं चाललीस? रोहिणे!" ती भरभर चालत नव्हती. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना ती क्षणभर थांबली, आणि मुजाहिदला वाटलं ती वळणार. पण तिनं पिशवीचा बंद नीट केला, उसाच्या रसाच्या गाड्याला वळसा घातला, आणि मग ती दिसेनाशी झाली.

प्रविण तिच्यामागं गेला नाही. का गेला नाही, ते मुजाहिदला सांगता आलं नसतं. कदाचित त्या कागदानं त्याचे पाय धरले असतील. तो आत आला आणि पहिली जागा दिसली तिथं बसला, फोटो काढून घेणाऱ्यांच्या स्टुलावर, दोन छत्र्यांच्या मधोमध. हात गुडघ्यांवर ठेवून. मुजाहिदला त्याला उठ म्हणायचं होतं. स्टुडिओ बंद करायचा आहे म्हणायचं होतं. बद्रीनाथ संध्याकाळी आला की सगळं कळणार, मग काय होईल ते होईल. पण हा माणूस तोवर इथं नको होता. त्याचा घाम, त्याची ती मारणारी बोटं, आता काही सुचत नसलेली. मुजाहिदला त्याची घृणा आली, आणि ती घृणा पुरती वर यायच्या आत कुठंतरी मध्येच आटून गेली, कारण ती कुणाची ते ठरेना.

"परत येईल का ती?" प्रविणनं विचारलं.

"मला काय इचारता," मुजाहिद म्हणाला. "मला तिची कातडी तेवढी म्हाईत होती. बाकी बाई तुमच्या घरात होती."

प्रविणनं मान वर केली. आता हा मारणार, असं मुजाहिदला वाटलं, आणि तो जागचा हलला नाही. बोळात पिकअपच्या मागं कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"राग आल्यावर ती काय करती, मला ठावं न्हाई," प्रविण म्हणाला. "दोन वर्षांत तिला राग आलाच न्हवता कधी."